आधी वेलांटी की आधी क?

नागपूरहून चंद्रपूरला निघालात म्हणजे वाटेत वरोरा लागते. वरोऱ्याजवळ आनंदवन आहे, हे वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली ती १९४९ मध्ये, आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. तेव्हा हा सगळा सागा-बांबूच्या रानाचा मुलूख चांदा जिल्हा म्हणून ओळखला जाई. गडचिरोलीही त्यातच होती. ती निराळी झाली १९८२ मध्ये. पुढे आनंदवनात अंध मुलांसाठी शाळाही निघाली.

आज बोलायचे आहे ते मात्र रानाविषयी नव्हे, आणि आश्रमाविषयीही नव्हे. मराठी अक्षर ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांनी ते वाचावे कसे आणि लिहावे कसे, याची ही हकीकत आहे. शेवटी ती संगणकापाशी येऊन थांबते. पण म्हणून घाबरून पान उलटू नका. सुरुवात एका अगदी साध्या प्रश्नापासून करू या. ‘कि’ हे अक्षर लिहिताना आधी काय येते? वेलांटी की क?

आपण डोळस माणसे म्हणू, आधी वेलांटी. ती डावीकडे दिसते ना! पण तोंडाने म्हणून पाहा बरं. आधी क, मग इ. डोळ्याचा क्रम एक आणि उच्चाराचा क्रम दुसरा. एवढ्याशा फरकाने पुढे किती घोटाळा केला, तेच सांगायचे आहे.

योगायोग असा की आनंदवनाचे ते १९५१ हे वर्ष अंधांच्या लिपीच्या इतिहासातही मोठे आहे. सहा टिंबांची लिपी शोधली फ्रान्समधल्या लुई ब्रेलने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हिंदुस्थानात ती आली तेव्हा ज्याने त्याने आपापल्या परीने आपापल्या भाषेला बसवली, आणि एका शाळेतली टिंबे दुसऱ्या शाळेत कळेनाशी झाली. १९५१ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने बैरुतला बैठक भरली आणि आपल्याकडे ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली. त्याच वर्षी डेहराडूनला केंद्रीय ब्रेल छापखाना निघाला. भारती ब्रेलची युक्ती साधी होती. मराठीचा क, बंगालीचा क, तमिळचा क यांची टिंबे एकच. आणि ‘कि’ लिहायचे तर आधी क, मग इ. बोट डावीकडून उजवीकडे सरकते, तसतसा उच्चार पुढे सरकतो. वेलांटीने डावीकडे उडी मारायचे कारणच उरले नाही. शिवाय ऱ्हस्व इ निराळी, दीर्घ ई निराळी, दोन्ही बोटाला वेगळ्या लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

पण आनंदवनासारख्या ठिकाणी ब्रेलपुढे एक अडचण अशी होती की तिचा विचार ब्रेलने केला नसेल. कुष्ठरोग मज्जातंतूंना धरतो. पापणी पुरती मिटत नाही, बुबुळाची संवेदना जाते, कचरा गेला तरी कळत नाही, जखमा होतात आणि दृष्टी जाते. आणि तोच रोग बोटांच्या अग्रांची संवेदनाही नेतो. म्हणजे डोळेही गेले आणि डोळ्यांऐवजी जी बोटे वापरायची तीही गेली. टिंबे कागदावर उठली आहेत, पण बोटाला ती लागतच नाहीत! जपानमधल्या कुष्ठरुग्णालयांत काही रुग्ण जिभेने ब्रेल वाचायला शिकले. वाचनाची भूक म्हणजे काय, ते यावरून कळावे. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि वेळीच उपचार झाले तर ही पाळी सहसा येत नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात कुष्ठरोग अजून संपलेला नाही, आणि ज्यांची बोटे पूर्वीच बधिर झाली त्यांना एकच वाट उरते, कानाची.

आता लिहिण्याकडे वळू. टाइपरायटर हा अंधांचा जुना मित्र. इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे एक यंत्र बनवले, ते एका अंध सरदारकन्येला पत्रे लिहिता यावीत म्हणून. कळांच्या जागा पाठ झाल्या म्हणजे डोळ्यांचे काम उरत नाही. मात्र आपण काय लिहिले ते स्वतःला वाचता येत नाही, हे वैगुण्य राहिलेच. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर काढला. देवनागरी यंत्रांची रचना झाली ती डोळ्याच्या क्रमाने. ‘कि’साठी आधी वेलांटी उमटवायची, मग क. ‘कर्म’साठी क, मग म, आणि सर्वांत शेवटी डोक्यावरचा रफार, उच्चारात मात्र तो र् म च्या आधी आहे. ‘भ’ तर दोन तुकड्यांत, अर्धा भ आणि एक काना. कागदावर ठसा उमटवायचा एवढेच काम असल्यामुळे यात चूक काहीच नव्हती.

चूक झाली ती पुढे, हीच सवय संगणकात शिरली तेव्हा.

संगणक बोलू लागला त्याची कथा थोडक्यात सांगतो. १९७६ मध्ये अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी छापील पान वाचून दाखवणारे यंत्र लोकांपुढे आणले. १९८० नंतरच्या दशकात आयबीएममधल्या जिम थॅचर यांनी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी व्यवस्था केली. ‘स्क्रीन रीडर’ हे नाव तिथूनच रूढ झाले. मोटारसायकलच्या शर्यती मारणारे टेड हेंटर अपघातात दृष्टी गमावून बसले. त्यांच्या ‘जॉज’चा पहिला अवतार १९८९ चा. तो विकत घ्यायचा, आणि किंमत आपल्या खेड्यातल्या मुलाच्या आवाक्याबाहेरची. मग २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला आणि तो फुकट दिला. त्याबरोबर येणारा ‘ईस्पीक’ हा आवाज मराठीही बोलतो. आवाज यंत्राचाच, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण सवयीने तो गोड लागतो म्हणे.

नाव स्क्रीन रीडर असले तरी हे यंत्र पडदा वाचत नाही, बरं का. पडद्यामागे प्रत्येक अक्षराचा जो संकेत साठवलेला असतो, तो ते वाचते. आणि आपल्या मराठीचे संकेत कसे होते? ‘कृतिदेव’सारखे जे टंक वर्षानुवर्षे कचेऱ्यांत चालले, त्यांत टाइपरायटरचीच मांडणी होती आणि आतले संकेत होते इंग्रजी अक्षरांचे. पडद्यावर ‘मराठी’ हा शब्द सुंदर दिसे. आत साठवलेले असे ई, जे, के, बी, एच. स्क्रीन रीडरला हा शब्द वाचायला सांगा. तो बिचारा ई, जे, के, बी, एच असेच काहीतरी पुटपुटणार! मराठी पानाचे नुसते चित्र होते. अक्षरे आत नव्हतीच.

दोष यंत्राचा नव्हता आणि अंध माणसाचा तर नव्हताच. गंमत अशी की योग्य वाट आपल्याच देशात सापडली होती. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात सर्व भारतीय लिप्यांतल्या क ला एकच संकेत होता, आणि वेलांटी क च्या नंतर साठवायची होती. पुढे युनिकोडनेही देवनागरीसाठी हाच उच्चाराचा क्रम घेतला. वेलांटी डावीकडे दाखवायची ते काम पडद्याचे. साठवणीत ती क च्या मागेच. म्हणजे १९५१ मध्ये बोटासाठी जे ठरले होते, तेच चाळीस वर्षांनी संगणकासाठी ठरले. तरी कचेऱ्यांतले जुने टंक चटकन सुटले नाहीत. बोटांना लागलेली सवय कायद्याने जात नाही.

म्हणून वर्डसारखा लेखनाचा कार्यक्रम स्क्रीन रीडरसाठी नीट लावून घ्यायचा तर पहिली गोष्ट ही : मराठी युनिकोडमध्येच लिहा. कळफलक ‘इनस्क्रिप्ट’ घेतलात तर उत्तम, कारण तो उच्चाराच्या क्रमाने चालतो. ब्रेल शिकलेल्या मुलाला त्यात नवीन काही वाटत नाही. दुसरी गोष्ट, वर्डमध्ये मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा आणि एनव्हीडीएमध्ये भाषा आपोआप बदलण्याची सोय चालू ठेवा. म्हणजे मराठी वाक्यात इंग्रजी नाव आले तर आवाज इंग्रजीकडे वळतो आणि परत मराठीवर येतो. हे केले नाही तर इंग्रजी आवाज मराठी वाचू लागतो, आणि ते ऐकवत नाही. लिहिताना प्रत्येक अक्षर उच्चारले जावे की पूर्ण शब्द, हेही ठरवता येते. नवशिक्याने अक्षर ठेवावे. टंकाचे नाव आणि आकार सारखा सांगत बसण्याची सवय मात्र बंद करून टाकावी, नाहीतर मजकूर ऐकू येईनासा होतो.

ज्याची बोटे कुष्ठरोगाने वाकडी झाली आहेत, त्याला दोन-तीन कळा एकदम दाबता येत नाहीत, आणि स्क्रीन रीडरच्या आज्ञा तर तशाच असतात. त्याने शिफ्टची कळ पाच वेळा दाबावी. ‘स्टिकी कीज’ नावाची सोय सुरू होते, आणि मग शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांच्या जोडीने दाबायच्या कळा एकापाठोपाठ एक दाबल्या तरी चालतात. एवढीशी गोष्ट, पण आम्ही ती कुणाला शिकवीत नाही.

राहिले डोळस लिहिणाऱ्याचे काम. आपण मथळा ठळक करतो, मोठा करतो, आणि झाला मथळा असे मानतो. स्क्रीन रीडरला तो साधाच परिच्छेद वाटतो. तोच मथळा वर्डच्या मथळ्याच्या शैलीत घातला – कंट्रोल, आल्ट आणि १ – की ऐकणारा एका कळीने या मथळ्यावरून त्या मथळ्यावर जातो; आपण पाने चाळतो ना, तसा. जागा सोडण्यासाठी दहा वेळा एंटर दाबले तर त्याला दहा वेळा ‘रिकामे’ ऐकावे लागते. चित्राखाली दोन ओळींचे वर्णन जोडा. तक्त्यात रकाने एकमेकांत मिसळू नका आणि पहिली ओळ मथळ्याची म्हणून नोंदवा. आणि कृपा करून कागदाचा फोटो काढून तो पत्र म्हणून पाठवू नका! एका कचेरीतून मला असे परिपत्रक आले होते. यंत्राला वाचायला दिले, तर त्याने एकच शब्द उच्चारला : ‘चित्र’.

गडचिरोलीत या साध्या गोष्टीला मोठी किंमत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगटात बसून कागद समजून घेतले जातात. अशा गावात आदेश, नकाशे, ठराव सगळे कागदावरच असते. सभेतल्या एखाद्या अंध माणसाला तो ठराव स्वतः वाचता आला, तर तो स्वतःचे मत बनवून हात वर करील. नाहीतर शेजारी सांगेल तेवढ्यावर.

कानाच्या वाटेत एक खाचही आहे, ती सांगितलीच पाहिजे. ‘दिन’ आणि ‘दीन’ मराठी माणूस सारखेच उच्चारतो. डोळस मूल तो फरक पाहून शिकते, ब्रेलवाले मूल बोटाने शिकते. जे मूल नुसते ऐकून शिकले, त्याला तो कळावा कसा? दोन्ही शब्द बरोबरच असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीही गप्प बसते. त्यातून हा मुलूख झाडीबोलीचा. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला पुस्तकातला ण कानाने वेगळा ओळखावा लागतो. माझे मत विचाराल तर आवाज आला म्हणून शाळेतून ब्रेल काढू नये. एनव्हीडीए ब्रेलच्या टिंबपट्टीलाही मजकूर पुरवतो, मराठीतसुद्धा. पट्टी महाग आहे, एवढेच.

आणि गोंडी? माडिया? भामरागडकडच्या मुलाची घरची भाषा देवनागरीत लिहून मराठी आवाजाला दिली, तर तो ती मराठीच्या हेलाने वाचणार. गोंडीसाठी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये स्वतंत्र लिपी तयार केली होती. तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. जागा मिळाली म्हणून आवाज आपोआप येत नाही. त्यासाठी कुणीतरी त्या भाषेचे उच्चार ऐकून, मांडून, यंत्राला शिकवावे लागतात.

आज संध्याकाळी एक करून पाहा. आपणच लिहिलेले एखादे लांब पत्र उघडा आणि एनव्हीडीए चालू करा. त्यात पडदा पूर्ण काळा करण्याची सोय आहे, तीही वापरा. आता मथळ्यांची यादी मागवा, तक्त्याच्या तिसऱ्या ओळीतली रक्कम शोधून काढा, आणि आपण तारखेच्या वर ‘दिन’ लिहिले आहे की ‘दीन’, ते ओळखा.