चाप, घोडा आणि शिकलगार

मराठी माणसाच्या बोलण्यात बंदुकीचे शब्द इतके मुरले आहेत, की त्यांना दारूचा वास येतो हे आपल्या ध्यानातही राहत नाही. पुढाऱ्याची घोषणा पोकळ निघाली की आपण तिला ‘फुसका बार’ म्हणतो. सभेत वाद झाला की ‘शाब्दिक चकमक’ उडते. वांड पोराला बाप ‘चाप लावतो’. यातला चाप हा शब्द संस्कृतात धनुष्याचा. बंदुकीतल्या स्प्रिंगला आपण कमान म्हणतो, आणि फारसीत कमान म्हणजेही धनुष्यच. बंदूक आली तेव्हा धनुष्य आपल्या भाषेतून गेले नाही. ते बंदुकीच्या पोटात जाऊन बसले. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाला या यंत्राची ओढ लागली ती या शब्दांपायी.

मी खालापूर तालुक्यात राहतो. एक्स्प्रेस वेवरून भरधाव जाणाऱ्यांना आमचा तालुका म्हणजे घाट चढण्यापूर्वीचा टोलनाका. पण चापाचा इतिहास सांगायला याहून सोयीची जागा नाही. या एका तालुक्यातून त्याच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या आहेत.

पहिली पिढी तोड्याच्या बंदुकीची. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान घाट उतरून कोकणात निघाला आणि आमच्या चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत अडकला. बरोबर माहूरची रायबागन होती. दोन्हीकडे डोंगर, मध्ये दाट जंगल, पाण्याचे हाल. वर शिवाजी महाराजांची माणसे दबा धरून बसलेली. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि जवळचे सामान टाकून त्याने वाट मागून घेतली. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीत चाप म्हणजे एक साधी तरफ. ती ओढली की धुमसणारा तोडा खाली येई, कान्यातल्या रंजकेला लागे आणि बार उडे. झिजण्यासारखे त्यात फार थोडे होते. तिचा वैरी झीज नव्हे, ओल. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरची दारू आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असे बजावलेले आहे. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी पिढी चकमकीची. इंग्रज-मराठे युद्धात १७८१ च्या फेब्रुवारीत जनरल गॉडर्डने बोरघाट घेतला. पण वर पुण्याकडे सरकणे त्याला जमले नाही. एप्रिलमध्ये खोपोलीकडून चौकमार्गे पनवेलला त्याने माघार घेतली. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्याला वाटभर सतावले. या लढाईत चकमकीच्या बंदुका होत्या. चाप ओढला की कमान सुटे, घोड्याच्या तोंडातली गार पोलादी पट्टीवर आपटे आणि ठिणगी पडे. आता यंत्राला सांधे आले, खाचा आल्या. वीस-तीस बार झाले की गारेची धार बोथट होई. पोलादी पट्टी झिजली की ठिणगी मरे. म्हणून पलटणीमागे दुरुस्तीवाला लागू लागला. बखरींत सरदारांची नावे येतात, घोड्यांची आणि हत्तींची वर्णने येतात. चापाची खाच नीट करणारा कुठे भेटत नाही.

यानंतर गोष्ट स्कॉटलंडला जाते. अलेक्झांडर फॉर्साइथ नावाचा पाद्री शिकारीचा शौकीन होता. चकमकीचा उजेड पाहून पक्षी आधीच उडून जात, म्हणून त्याने ठोक्याने पेटणारे मिश्रण वापरात आणले आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. टोपीमुळे सॅम्युएल कोल्टचे १८३६ चे रिव्हॉल्व्हर शक्य झाले. कोल्टच्या हत्यारात दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. १८५१ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट अॅडम्सने चापाच्या एका ओढीत घोडा उचलण्याची आणि सोडण्याची सोय केली. १८५७ च्या उठावात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ही दोन्ही होती. १८८७ पासून ब्रिटिश फौजेने वेब्ले रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि पुढे हिंदुस्थानात साहेबाची ओळखच वेब्ले झाली.

रिव्हॉल्व्हरचा चाप एका वेळी तीन कामे करतो. कमान दाबत घोडा मागे नेतो, बोटासारख्या एका पट्टीने चक्र एक घर पुढे ढकलतो, आणि घर नळीसमोर आल्यावर घोडा सोडून देतो. या तीन कामांचा ताल बिघडला की हत्यार बिघडले. एका परवानाधारक कारागिराने मला जुने, रिकामे रिव्हॉल्व्हर उघडून हे सगळे दाखवले. आधी त्याने ते रिकामे असल्याची दोनदा खात्री केली. मग उघडण्याआधी नुसते ऐकले. घोडा सावकाश मागे घेताना होणारे ‘खट खट’ हे त्याचे नाडीपरीक्षण. एखादा खटका उशिरा आला तर चक्राची पट्टी झिजलेली. चक्र हाताने हलवल्यावर डुलले तर त्याला जागी धरणारी खीळ किंवा तिची खाच गेलेली. आणि वर चढवलेला घोडा अंगठ्याच्या हलक्या रेट्याने, चापाला बोट न लावता खाली आला, तर दोष सर्वांत गंभीर: घोड्याची खाच आणि तिला धरणारी चापाची धार एकमेकींना सोडू लागल्या आहेत.

पण दोष खाचेचाच, असे तो लगेच म्हणाला नाही. वर्षानुवर्षे साचून चिकट झालेले तेल, मरगळलेली कमान, रुंद झालेले खिळीचे भोक, यांमुळेही अगदी तसेच होते. म्हणून आधी सफाई, मग कमान, मग खिळी आणि सर्वांत शेवटी खाच. दोन भाग एकमेकांना नेमके कुठे टेकतात हे पाहायला तो दिव्याची काजळी वापरत होता. जिथली काजळी पुसली जाते, तिथे भार येतो. भिंगातून पाहिले तर झिजलेली धार गोल झालेली दिसते. नव्या धारेला कोपरा असतो.

मला वाटले होते, आता कानस बाहेर येईल. तो म्हणाला, कानशीने जेवढी हत्यारे गेली, तेवढी वापरानेही गेली नसतील. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या या भागांना वरून कठीण कातडी दिलेली असते आणि आत मऊ लोखंड असते. ती कातडी कागदाइतकी पातळ. हौशी माणूस चाप हलका करायला म्हणून घासतो आणि कातडी जाते. दोन-चार दिवस चाप लोण्यासारखा चालतो, मग मऊ लोखंड भराभर झिजते आणि एके दिवशी हत्यार आपोआप उडते. खरा इलाज म्हणजे नवा भाग बसवणे. तो मिळत नसेल तर झिजलेल्या जागी धातू भरून, आकार देऊन, पुन्हा पाणी देणे. त्याला भट्टी हवी, नजर हवी आणि परवानाही हवा.

जुन्या काळी सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या भरून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची रीत होती. हत्यार जमिनीवर पडले, घोड्याला धक्का बसला, तर धरून ठेवणाऱ्या त्या इवल्या धारेवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न शहाण्यांना पडत असे. झिजलेला चाप शत्रूला आणि मालकाला वेगळे ओळखत नाही.

दुरुस्तीचे हे ज्ञान गावोगाव होते. ते आटले त्यामागे १८७८ चा शस्त्र कायदा मोठे कारण आहे. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना, बनवता आणि विकता येईना. युरोपियनांना मात्र सूट. बंदूक गावातून गेली तसा तिचा कारागीरही कामाला मुकला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातही शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो, आणि तो लागायलाच हवा. पण १८७८ च्या कायद्याचा हेतू जीव वाचवणे हा नव्हता, हात रिकामे ठेवणे हा होता.

त्या रिकाम्या हातांनी काय केले, तेही आमच्याच मुलखाने पाहिले. खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र १९१५ पासून मुंबईला वीज पुरवत होते, भिवपुरीचे १९२२ पासून. १९४२ मध्ये माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला जाणाऱ्या या विजेच्या तारांचे मनोरे कापायला सुरुवात केली. त्यांचे मुख्य हत्यार लोखंड कापायची करवत. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. एका बाजूला सरकारी शस्त्रागारात निगा राखलेल्या बंदुका, दुसऱ्या बाजूला करवत. कायद्याने पासष्ट वर्षांत काय साधले होते, ते त्या सकाळी दिसले.

चापाची एक म्हातारी पिढी मात्र आजही कोकणात जिवंत आहे. रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर दिलेली ठासणीची बंदूक. निवडणूक आली की अशा बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, निकालानंतर परत येतात. चार महिने पाऊस, मग दमट माळा. शेतकरी नळी पुसतो, तेल लावतो. चापाच्या आत कोण पाहणार? खाच गोल झाली आहे की नाही, हे सांगणारा माणूस दहा कोसांत सापडत नाही. माझी काळजी इथे आहे. अशी बंदूक घरात असेल तर तिला घरच्या कानशीने हात लावू नये, परवानाधारक माणसालाच दाखवावी.

आणि त्या जुन्या माणसांचे काय? आमच्या समाजात शिकलगार आडनावाची घरे आहेत. शिकल म्हणजे धातूला चकाकी आणि धार देणे. मूळ अरबी शब्द सैकल. सूफी कवींनी काळजाच्या आरशावरचा गंज काढणाऱ्या गुरूलाही हेच नाव दिले. हत्यार घासूनपुसून जगणाऱ्यांना याहून मोठा मान कोणी दिला नाही. आज त्यांच्यातले कित्येक कात्र्या आणि विळ्यांना धार लावून पोट भरतात.

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे मोडी रुमाल आहेत. त्यात लढायांच्या पत्रांबरोबर कारखान्यांचे रोजचे हिशोबही आहेत: कोणाला किती दिले, कशासाठी दिले. मोडी वाचणारी तरुण मुले आता पुन्हा तयार होत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने मोहिमांची पत्रे थोडा वेळ बाजूला ठेवून तोफखान्याचे आणि दारूखान्याचे हिशोब उलगडावेत. उंबरखिंडीत स्तंभ आहे, सिद्धगडाला स्मारक आहे, आणि ते असायलाच हवे. लोहाराचे, सुताराचे, शिकलगाराचे नाव मात्र सापडले तर तिथेच सापडेल, दोन-चार रुपयांच्या नोंदीसमोर.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)