सत्य बहुमतानें ठरतें काय ?



वर्गांतील चाळीसांपैकीं पस्तीस मुलें कधीं कधीं एकच चुकीचें उत्तर घेऊन येत. तेवढ्यानें तें बरोबर ठरत नसे. सत्य बहुमताचें बांधील नाहीं, हें मी याच दाखल्यानें शिकवीत असें. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, गणिताचें ठीक, पण चांगलें-वाईट तरी समाजच ठरवितो ना?" त्याचें उत्तर मला आमच्या वर्धा जिल्ह्याच्या इतिहासांत सांपडलें.

कुष्ठरोग हें पापाचें फळ, असें एके काळीं विद्वान व अडाणी दोघेही मानीत. १८७३ सालीं नॉर्वेमधील डॉ. हॅन्सन यांनीं त्याचे जंतु सूक्ष्मदर्शकांतून पाहिले. जंतूंस पाप-पुण्य ठाऊक नसतें. परंतु रोग्यास वेशीबाहेर घालवावें कीं जवळ करावें, हें सूक्ष्मदर्शक सांगत नाहीं. तो प्रश्न मूल्याचा आहे.

१९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्यानजीक दत्तपूर येथें कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. पुढें संस्कृत पंडित परचुरेशास्त्री हा रोग घेऊन सेवाग्रामास आले. गांधीजींनीं त्यांस आश्रमाच्या आवारांत वेगळी कुटी दिली आणि स्वहस्तें त्यांचें अंग चोळलें. संसर्गाची भीति खोटी नव्हती, म्हणून काळजी घेणें रास्तच. पण काळजी निराळी आणि बहिष्कार निराळा. जो नियम मी रोग्यास लावतों, तो उद्यां मीच रोगी झालों तर मला न्याय्य वाटेल काय ? वेगळी कुटी या कसोटीस उतरते. बहिष्कार उतरत नाहीं. ही कसोटी सूक्ष्मदर्शकाइतकी काटेकोर नाहीं, हें मला मान्य आहे. पण ती माझ्या एकट्याच्या आवडीचीही नाहीं. ती कोणालाही लावून पाहतां येते. मूल्यांतील वस्तुनिष्ठता मी हिलाच म्हणतों.

समाजाची संमति मात्र सावकाश येते. रोग्यांस कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण मानणारीं कलमें २०१९ सालीं गेलीं. औषधानें हा रोग पूर्ण बरा होतो, हें त्यापूर्वीं कित्येक वर्षें सिद्ध झालेलें होतें. हॅन्सनच्या शोधापासून मोजल्यास हीं एकशें सेहेचाळीस वर्षें होतात.

आज तो विद्यार्थी भेटला तर मी सांगेन : बाळ, समाज सत्य घडवीत नाहीं, तो त्याच्यापर्यंत चालत जातो, आणि बहुधा उशिरां पोंचतो. तोंवर वेशीबाहेर बसलेल्या माणसाचें आयुष्य सरून जातें.