मराठवाड्यातील अंबाडी व पाण्याचा हिशेब

भांग व अंबाडी ही भिन्न कुळांतील पिके. तथापि लिनियसने १७५९ मध्ये अंबाडीला ‘कॅनाबिनस’, म्हणजे भांगेसारखी, असे नाव दिले. इंग्रजी व्यापारी परिभाषेतही ती ‘डेक्कन हेम्प’ ठरली. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरात पाऊस वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर. तेथील कोरडवाहू शेतांत अंबाडी खरिपात मिश्रपीक म्हणून किंवा बांधाकडेने पेरीत. तिच्यासाठी मोट जुंपावी लागत नसे. पाला भाजीस व वाख दोरास उपयोगी पडे. मात्र वाख सुटण्यासाठी कापलेल्या काड्या अनेक दिवस पाण्यात कुजवाव्या लागत. अर्थात, शेतात वाचलेल्या पाण्याची गरज ओढ्यात वा डोहात उभी राही. म्हणून अवर्षणप्रवण प्रदेशातील पिकाची काटकसर केवळ सिंचनावरून ठरविणे अपुरे होय. कापणीनंतरचे पाणीही इतिहासकाराने हिशेबात धरले पाहिजे.