खटक्याची कुळकथा

१९६० च्या दशकात अमेरिकेत टेलिफोन घरोघरी पोचला होता, पण घरातला फोन बहुधा घरवाल्यांचा नसे. यंत्र बेल कंपनीचं, वायर तिची, भिंतीवरची डबीही तिची. घरवाल्यांनी फक्त महिन्याचं भाडं भरायचं. वायर स्क्रूने आवळलेली असे आणि ती सोडायला कंपनीचाच माणूस यायचा. स्वतःचं काही जोडायला सक्त मनाई. त्याआधीच्या दशकात 'हश-अ-फोन' नावाचं एक पेल्यासारखं टोपण बाजारात मिळे. ते फोनच्या बोलायच्या टोकावर बसवलं की आपलं बोलणं शेजारच्या टेबलावर जात नसे. त्यात विजेचा संबंध औषधालाही नव्हता, तरी कंपनीने त्यावर हरकत घेतली. प्रकरण अपील कोर्टापर्यंत गेलं आणि १९५६ साली टोपण जिंकलं.

खरा बांध फुटला तो १९६८ मध्ये. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी टेलिफोन आणि रेडिओ यांची गाठ घालून देणारं 'कार्टरफोन' बनवलं होतं. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: टेलिफोनच्या जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला आपलं यंत्र जोडायला मोकळीक. पण स्क्रूच्या डबीवर ही मोकळीक चालवायची कशी? घराघरांत लोक पेचकस घेऊन बसणार होते थोडेच!

त्याचं उत्तर खुद्द बेलच्याच कारखान्यात तयार होत होतं, हा या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. बेलची उत्पादक शाखा वेस्टर्न इलेक्ट्रिक. तिच्यासाठी एडविन हार्डेस्टी यांनी १९७३ मध्ये एका छोट्या प्लगच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९७५ मध्ये मंजूर झालं. प्लास्टिकचा चौकोनी ठोकळा, आत धातूच्या पात्यांची रांग आणि अंगालाच फुटलेली एक लवचीक पट्टी. हाच तो खटका.

पट्टीचं मूळ प्लगच्या नाकाशी आणि मोकळं टोक वायरीच्या दिशेला. प्लग आत सरकताना पट्टी दबते, पुरता आत गेला की टक्कन उसळते आणि तिचे खांदे जॅकच्या कडेला अडतात. आता वायर ओढली तर ताण त्या खांद्यांवर येतो. बोटाने पट्टी दाबली की प्लग अलगद बाहेर. वेगळी स्प्रिंग नाही, रिव्हेट नाही. ठोकळा साच्यातून निघतो तोच खटक्यासकट. डाग द्यायचं कामही वाचलं: क्रिंपिंगच्या पकडीत प्लग धरून एकदा दाबलं की सगळी पाती एकदम वायरींच्या आवरणात घुसून तांब्याला भिडतात. वायर बिघडली तर फोन न उघडता नवी लावा.

पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयोगाने ग्राहकांच्या यंत्रांसाठी नोंदणीची पद्धत आणली आणि जोडणीचे नमुने ठरवून दिले. या जोडणीच्या नावात दिसणारी 'आरजे' ही अक्षरं तिथली, म्हणजे नोंदणीकृत जॅक. आपल्याकडे मात्र त्या काळात फोन सरकारी खात्याचा, लाइनमनने येऊन रोझेट नावाच्या भिंतीवरच्या डबीत स्क्रूने आवळायचा. मुंबईत १९८६ पासून खात्याच्या जागी एमटीएनएल आली. खटक्याची पिन घरोघरी दिसू लागली ती बटणांच्या फोनबरोबर.

मग संगणक आले. इमारतींमधून टेलिफोनची पिळाची वायर फिरलेलीच होती, तिच्यावरूनच माहिती धावावी असा विचार झाला आणि १९९० मध्ये 'टेन-बेस-टी' हे इथरनेटचं मानक आलं. प्लग तोच, फक्त आठ पात्यांचा. नेटवाला पोरगा वायर कापून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा असं पुटपुटत रंग लावतो, तेव्हा हिरव्या जोडीची ताटातूट का होते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मधली दोन पाती टेलिफोनची. ती निळ्या जोडीला राखली, म्हणून हिरवी जोडी तिच्या दोन्ही बाजूंना गेली, तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर. टेन-बेस-टी पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-सहाव्या पात्यांवर चालतं. मधल्या घराला हातच लावत नाही.

खटक्याला हा संसार मानवला नाही. फोनची वायर एकदा लावली की वर्षानुवर्षं तिथेच. लॅपटॉपची वायर रोज निघते, सर्व्हरच्या कपाटातली तर पन्नास वायरींच्या गुंत्यातून मागे ओढली जाते. पट्टीचं मोकळं टोक मागे वळलेलं असल्याने ते दुसऱ्या वायरीत अडकतं, उलटं वाकतं आणि मुळाशी तुटतं. प्लग बसतो, दिवा लागतो, पण टेबलाला धक्का लागला की नेट गायब. यावर रबरी टोप्या निघाल्या, खटक्याला झाकणाऱ्या. त्या जरा जाड झाल्या की पट्टी दाबायला नख पुरत नाही. पातळ लॅपटॉपवाल्यांनी दुसरीच तक्रार केली: प्लगची उंचीच मावेना. म्हणून काहींनी जॅकचा खालचा जबडा बिजागरीवर बसवला, प्लग लावताना तो खाली उघडतो.

नाटक-मैफलींच्या ध्वनियंत्रणेत डिजिटल मिक्सर आले, तेव्हा या नाजूकपणावर सरळ इलाज झाला. लिख्टेनस्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीने 'इथरकॉन' काढला: माइकच्या कॅनन पिनेच्या घाटाचं धातूचं कवच, त्याला स्वतःची भक्कम कडी, आणि आत हार्डेस्टींच्याच घराण्यातला प्लास्टिकचा ठोकळा.