निनवेच्या भिंती

दजला नदीकाठचे अश्शूर हे मुळात व्यापाऱ्यांचे शहर. गाढवांवर कथील आणि कापड लादून तिथले तांडे थेट अनातोलियापर्यंत जात. अशा शहरातून जगाला धाक घालणारे साम्राज्य कसे उभे राहिले, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. त्याचे बरेचसे उत्तर तिगलथ पिलेसर तिसरा (इ.स.पू. ७४५ ते ७२७) याच्या कारभारात सापडते. त्याने खडे सैन्य उभारले, जिंकलेल्या मुलखावर सुभेदार नेमले आणि पराभूत प्रजेला हजारोंच्या संख्येने उचलून दूर नेऊन वसवण्याचे धोरण पद्धतशीर राबवले. माणूस एकदा आपल्या मातीपासून तोडला की बंड करायला त्याच्याजवळ काही उरत नाही, हे त्याने ओळखले होते.

पण धाक बसवायचा तर तो दिसलाही पाहिजे. हे काम शिल्पकारांनी केले. अशुरनसिरपाल दुसरा याने इ.स.पू. नवव्या शतकात कल्हू, म्हणजे आजचे निमरूद, येथे राजवाडा बांधला. त्याच्या उद्घाटनाला ६९,५७४ पाहुणे दहा दिवस जेवले, असे त्यानेच कोरून ठेवले आहे. (आकड्याची हौस सत्ताधाऱ्यांना तेव्हाही होती.) दालनांच्या भिंतींवर शिल्पे आणि शिल्पांच्या ऐन मध्यावरून त्याच्या पराक्रमाचा तोच तो मजकूर पुन्हापुन्हा. लेयार्डने १८४०च्या दशकात हे उकरले, तेव्हा काही पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला गेल्या. यातली काही शिल्पे मुंबईतच राहिली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ती पाहता येतात.

मला सर्वांत अस्वस्थ करतात ती लाखीशची शिल्पे. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबने यहूदाचे हे तटबंदीचे शहर जिंकले. जेरुसलेम मात्र त्याच्या हाती आले नाही. म्हणूनच की काय, निनवेच्या राजवाड्यातील एक अख्खे दालन त्याने लाखीशच्या विजयाला दिले. तटाला लावलेला मातीचा उतार, त्यावर चढणारी यंत्रे, वरून कोसळणाऱ्या मशाली. एकीकडे जिवंत माणसांची कातडी सोलली जात आहे. दुसरीकडे बैलगाडीत गाठोडी आणि गाठोड्यांवर बसलेली बायकामुले. माणसे खांद्यावर पिशव्या टाकून चालली आहेत. कोरणाऱ्याला राजाची शान दाखवायची होती. मला त्यात निर्वासित दिसतात. चाक, बैलाच्या बरगड्या, आईच्या पुढ्यातले मूल, सगळे इतक्या बारकाईने कोरले आहे की त्या अनाम कारागिराने हे दृश्य स्वतः पाहिले असावे, असे वाटत राहते.

सन्हेरीबचा नातू अशुरबनिपाल. लिहिता-वाचता येते याचा त्याला अभिमान होता आणि त्याच्या ग्रंथसंग्रहातील मातीच्या पाट्या व तुकडे मिळून तीस हजारांवर भरतात. याच विद्याप्रेमी राजाच्या एका शिल्पात तो राणीसह बागेत मेजवानी करतो आहे आणि शेजारच्या झाडाला एलामच्या राजाचे शिर टांगले आहे! त्याच्या सिंहशिकारीची शिल्पे मात्र केवळ अजोड. पाठीत बाण रुतलेली, मागचे पाय निकामी झालेली सिंहीण पुढच्या पायांवर शरीर ओढत डरकाळी फोडते. ही शिल्पे १८५३ मध्ये शोधली ती मोसुलच्याच होर्मुझ्द रस्सामने. उत्खननाचा तो भाग फ्रेंचांच्या वाट्याचा होता, म्हणून त्याने रात्री कुदळ चालवली.

इ.स.पू. ६१२ मध्ये बाबिलोनी आणि मीड सैन्यांनी निनवे उद्ध्वस्त केले. लाखीशच्या शिल्पात सिंहासनावरील सन्हेरीबचा चेहरा छिन्नीने उडवलेला दिसतो. बाकी दृश्य जवळपास तसेच आहे. ज्याने घाव घातला त्याला नेमके कुठे मारायचे ते ठाऊक होते.

२०१५ साली आयसिसने निमरूद सुरुंग लावून उडवले, तेव्हा आम्ही मूर्ती फोडतो आहोत, असा त्यांचा दावा होता. हा दावा मला मुळीच पटत नाही. कारण आदल्याच वर्षी, जुलै २०१४ मध्ये, त्यांनी मोसुलमधील हजरत यूनुस यांच्या नावाची मशीद आणि मजारही उडवून दिली होती. तिथे कोणती मूर्ती होती? यूनुस हे निनवेवासीयांकडे पाठवलेले पैगंबर, ही मुस्लिम परंपरा. कुरआनात त्यांच्या कौमचा उल्लेख आहे तो ईमान आणल्यामुळे अजाबातून वाचलेली कौम म्हणून. या श्रद्धेमुळेच एकोणिसाव्या शतकातील उत्खनकांना त्या टेकडीवर फारसे खणता आले नव्हते. आयसिसने पुरातन वस्तू विकण्यासाठी टेकडीखाली बोगदे पोखरले. जानेवारी २०१७ मध्ये हा भाग मुक्त झाल्यावर इराकी पुरातत्त्वज्ञ त्या बोगद्यांत उतरले. तिथे त्यांना सन्हेरीबचा मुलगा एसरहद्दोन याचा शिलालेख सापडला, मशिदीच्या बरोबर खाली.