यंत्राचें उंच नाक

श्रोतेहो, रस्त्यानें जाणारा एखादा जुना अवजड मालट्रक आपण कधीं थांबून न्याहाळला आहे काय? त्यांतील कित्येकांच्या चालकाच्या खोलीशेजारीं एक जाड नळकांडें उभें असतें आणि त्याच्या माथ्यावर भूछत्रासारखी टोपी असते. पुष्कळांना तें धुराडेंच वाटतें. वस्तुतः धूर बाहेर टाकण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तें त्या यंत्राचें नाक आहे. हें नाक इतकें उंच कां चढलें, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मी जन्मभर शाळामास्तर. तेव्हां आरंभ गणितानेंच करतों. सहा लिटर मापाचें एक इंजिन घ्या. तें मिनिटाला दोन हजार फेरे घेतें असें धरा. चार धावांच्या इंजिनांत दोन फेऱ्यांत एकदां श्वास घेतला जातो. म्हणजे मिनिटाला एक हजार श्वास, आणि हवा झाली सहा हजार लिटर! स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सुमारें सात लिटर हवा घेतो. म्हणजे हें एक इंजिन आठ-साडेआठशें माणसांइतकी हवा एकटें ओढतें. रस्त्यावर धुरळा असेल तर तोही त्याच मानानें पोटांत जावयाचा.

हा धुरळा मऊ दिसतो, पण तो मऊ नव्हे. त्यांत गारगोटीचा अंश पुष्कळ असतो. मोस नांवाच्या जर्मन पंडितानें १८१२ सालीं खनिजांच्या कठिणपणाची जी पायरी लावली, तींत हिऱ्याला दहा, तर गारेला सात हा अंक आहे. साधें लोखंड चार-पांचाच्या आसपासच राहतें. असे कण तेलांत मिसळले कीं त्यांची उत्तम घासणी तयार होते. ती दट्ट्याच्या कड्या आणि नळ्याच्या भिंती अहोरात्र खरवडते. मग इंजिनाची ताकद जाते, तें तेल पिऊं लागतें आणि निळसर धूर ओकतें.

हें दुखणें प्रथम शेतकऱ्यांच्या पदरीं आलें. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागांत ट्रॅक्टर वारंवार बिघडत. ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसन या तरुणाला त्याचें मूळ धुळींत सांपडलें, आणि १९१५ सालीं त्यानें हवा गाळण्याचें साधन बनविण्यास आरंभ केला. पुढें तेलाच्या भांड्याची गाळणी प्रचारांत आली. तिची युक्ति सुबोध आहे. हवा वेगानें खालीं उतरते आणि तेलाच्या पृष्ठभागाशीं एकदम वळून वर जाते. हलकी हवा वळते; जड कणांना वळतां येत नाहीं, ते तेलांत बुडतात. उरलेले कण वरच्या तेलकट जाळींत अडकतात. धुळीच्या मुलखांत मात्र हें तेल रोजच्या रोज पाहावें लागे. कागदी गाळण्यांचा प्रसार पुढें झाला.

परंतु गाळणीवर भार कमी पडावा तर मुळांत स्वच्छ हवाच घ्यावी, हा दुसरा विचार. त्याची शास्त्रीय बाजू ज्यानें उलगडली, तो राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश लष्करी इंजिनियर होता. १९३२ पर्यंत त्यानें लिबियाच्या वाळवंटांत मोटारींतून अनेक सफरी केल्या, पुढें लंडनमध्यें कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यांत वाळूचे प्रयोग केले, आणि १९४१ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें असें कीं वाळूचे कण उडत नाहींत. ते टुणटुण उड्या मारीत जातात आणि बहुतेक जमिनीपासून हात-दोन हातांच्या आंतच राहतात. निव्वळ वाळूच्या वादळांत उभ्या माणसाचें डोकें कित्येकदां त्या थराच्या वर असतें. बारीक धूळ मात्र उंच चढते आणि तासन्‌तास तरंगते. यावरून निष्कर्ष सरळ निघतो: नाक उंच करा, म्हणजे वाळू टळेल, उरल्या धुळीसाठीं गाळणी ठेवा. एकाचें काम दुसऱ्यानें भागत नाहीं.

याच बॅगनोल्डनें १९४० सालीं ईजिप्तमध्यें लाँग रेंज डेझर्ट ग्रूप हें पथक उभारलें. त्याचे शेवरोले ट्रक शत्रूच्या पिछाडीस शेंकडों मैल जात. आपली चौथी भारतीय डिव्हिजनही त्या मुलखांत लढली. त्या युद्धांत दोन्ही पक्षांचीं इंजिनें धुळीनें अकालीं झिजत, आणि गाळणी ही दारूगोळ्याइतकीच महत्त्वाची वस्तु ठरली. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियांत कुर्ट योहानसेन या गृहस्थानें डायमंड टी नांवाच्या जुन्या लष्करी ट्रकमागें गाड्यांची माळ जोडून ॲलिस स्प्रिंग्जच्या तांबड्या मातींतून गुरें वाहिलीं. अशा रस्त्यावर चाकांमागून उठणारा लोट टाळावयाचा तर हवेचें तोंड वर नेण्यावांचून गत्यंतर नसतें.

आपल्याकडे १९५४ पासून जमशेदपुरास टाटा-मर्सिडीझ ट्रक तयार होऊं लागले. अवजड वाहनाशीं माझी ओळख झाली ती १९७२ च्या दुष्काळांत. तेव्हां मी शाळकरी पोर होतों. गांवाजवळ रस्त्याचें काम निघालें होतें आणि खडीचा ट्रक दिवसभर कच्च्या वाटेनें फिरे. त्याचा वयस्क ड्रायव्हर रोज संध्याकाळीं गाळणीचें भांडें उघडी आणि तळचा काळा गाळ आम्हां मुलांना बोट लावून दाखवी. "हा बघा, दिवसाचा घास," असें म्हणे. तो नवें तेल मागे. मालक काटकसर करी. दोन महिन्यांत ट्रकानें निळा धूर ओकावयास आरंभ केला, आणि एके दिवशीं तो चढणीवर जो थांबला तो थांबलाच. काम बंद पडलें. त्या आठवड्याची मजुरी कित्येक घरांत आली नाहीं. चार शेर तेलाची ती बचत कोणाला महाग पडली, हें मला तेव्हांच कळलें.

आज तो प्रसंग आठवला कीं दुसरेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याच रस्त्याच्या कडेला बायका खडी फोडीत बसल्या होत्या, आणि त्यांच्या नाकाला पदराखेरीज गाळणी नव्हती. जी गार लोखंड झिजविते, तिची बारीक पूड फुप्फुसांत रुतून बसते. खाणकामगारांच्या त्या असाध्य रोगाला सिलिकोसिस म्हणतात. यंत्राचें नाक उंच करण्याची बुद्धि माणसाला सुचली, ही भूषणाची गोष्ट आहे. पण यंत्र बदलतां येतें, त्याचे नळे पुन्हां घासून घेतां येतात. माणसाच्या छातीची तशी दुरुस्ती होत नाहीं. म्हणून, श्रोतेहो, तें भूछत्रासारखें नळकांडें पुढच्या वेळीं दिसलें, तर त्या ट्रकाच्या धुरळ्यांत उभ्या असलेल्या माणसांकडेही एकदां पाहावें, एवढीच विनंती.