स्वतंत्रपूर आणि यंत्राचें भाकीत

मनुष्य पुढें कसा वागेल हें आधीं सांगतां येतें काय, हा प्रश्न जुनाच आहे. गेल्या कांहीं वर्षांत मात्र तो कृत्रिम बुद्धीच्या निमित्तानें न्यायालयांत आणि पोलीस कचेऱ्यांत येऊन बसला आहे. तेथें त्याचें उत्तर आंकड्यांत मिळतें. आणि आंकडा समोर आला कीं निर्णय देणाराचें मन हलकें होतें, कारण निर्णयाचा भार कोणी दुसऱ्यानें उचलला असें त्याला वाटूं लागतें. या प्रश्नाचा विचार आज मला एका लहानशा संस्थानाच्या इतिहासांतून करावयाचा आहे. त्या संस्थानानें 1939 सालीं त्याला एक निराळेंच उत्तर देऊन पाहिलें होतें. तें संस्थान म्हणजे औंध.

औंधचा मुलूख सलग नव्हता. 72 गांवांचें हें राज्य आजच्या सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांत, आणि थोडें विजापूरकडे, तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें होतें. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशीं राजधानी, कुंडल दक्षिणेला, तर आटपाडी माणदेशाच्या अवर्षणी पट्ट्यांत. 1909 पासून गादीवर असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्काराचे कट्टे प्रचारक होते, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आश्रयदाते होते. माणसावर पैज लावण्याची त्यांना हौसच असावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगांवाहून उठला, तेव्हां 1910 सालीं त्यांना कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ आणि भांडवलाला कर्ज देणारे हेच राजेसाहेब. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि लक्ष्मणरावांनीं तेथें शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही कामावर घेतलें. तेव्हां स्वतंत्रपूरची कल्पना औंधांत आकाशांतून पडली असें समजण्याचें कारण नाहीं. जमीन आधींच नांगरलेली होती.

1938 च्या नोव्हेंबरांत बाळासाहेबांनीं आपली सत्ता प्रजेच्या हातीं देण्याचा मनोदय जाहीर केला, आणि महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना 1939 च्या जानेवारींत अमलांत आली. या कामीं राजपुत्र आप्पासाहेब पंत पुढें होते. त्यांच्यासमवेत एक परदेशी गृहस्थ होते, आणि माझ्या दृष्टीनें या कथेंतील सर्वांत विलक्षण माणूस तोच आहे. मॉरिस फ्रीडमन हे 1901 सालीं वॉर्सा येथें एका गरीब ज्यू कुटुंबांत जन्मले. विद्युत्-यंत्रशास्त्राचे ते निष्णात अभियंते. बंगलोरच्या सरकारी विजेच्या कारखान्यांत ते काम पाहत. पुढें त्यांनीं संन्यास घेतला, भारतानंद हें नांव धारण केलें, आणि सूत कातण्यासाठीं धनुष-तकली नांवाचें सुटसुटीत साधन तयार केलें. (मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद 1973 सालीं 'आय ॲम दॅट' या नांवानें इंग्रजींत आणले तेही यांनींच, परंतु तो विषय आजचा नव्हे.) ज्याचें अर्धें आयुष्य यंत्रांत गेलें त्या या माणसानें संस्थानच्या राजाला सुचविलें कीं, तुमच्या तुरुंगांतील कैदी भिंतीबाहेर काढा.

राजानें तें मानलें. आटपाडीजवळच्या माळावर वसाहत झाली आणि तिला स्वतंत्रपूर हें नांव मिळालें. हिंदुस्थानांतील पहिल्या खुल्या तुरुंगांत तिची गणना होते. भोंवतीं भिंत नाहीं. कैद्यानें जमीन कसावी, श्रमाची भाकरी खावी, बायकामुलांसह राहावें, अशी तेथील रीत. आटपाडीच्या परिसरांतलेच, आणि औंधच्या शाळेंत शिकलेले, ग. दि. माडगूळकर यांनीं या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनीं 1957 सालीं 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. त्यांत सहा कैदी, आणि त्यांच्यावर पाळत ठेवणारे अधिकाऱ्याचे दोन डोळे. पुढल्याच वर्षीं बर्लिनच्या चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला. आपल्यापैकीं बहुतेकांना स्वतंत्रपूर ठाऊक आहे तें या बोलपटामुळें, आणि म्हणूनच तें थोडें भाबडें वाटतें. तें भाबडें नव्हतें. तें कां, हें कळण्यासाठीं त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललें होतें तें पाहिलें पाहिजे.

अमेरिकेंत शिकागो येथील समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनीं 1928 सालीं इलिनॉय राज्यांतील 3,000 कैद्यांचीं दफ्तरें तपासलीं. हे कैदी मुदतीपूर्वीं अटींवर सोडलेले होते. कोणी अटी पाळल्या आणि कोणी मोडल्या हें पाहून बर्जेस यांनीं 21 बाबी निवडल्या: गुन्ह्याचा प्रकार, आधींच्या शिक्षा, नोकरीचा इतिहास, राहण्याची वस्ती, बापाचें राष्ट्रीयत्व, इत्यादि. प्रत्येक अनुकूल बाबीला एक गुण. 16 पासून 21 पर्यंत गुण मिळविणारांपैकीं शेंकडा दीड माणसांनीं अटी मोडल्या होत्या. 2 पासून 4 गुण मिळविणारांपैकीं शेंकडा 76 जणांनीं. आंकडे डोळ्यांत भरण्यासारखे आहेत. पुढल्या दशकांत त्या राज्यांत कैदी सोडतांना असे तक्ते विचारांत घेतले जाऊं लागले. म्हणजे एकाच दशकांत, एकमेकांचें नांवही न ऐकलेल्या दोन ठिकाणीं, एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें मिळत होतीं. इलिनॉय म्हणे, कैद्याचा भूतकाळ मोजा. आटपाडी म्हणे, त्याला जमीन द्या.

आजचें यंत्र हें बर्जेस यांच्या तक्त्याचेंच नातवंड आहे. अमेरिकेंतील अनेक न्यायालयांत 'कॉम्पास' नांवाची संगणकप्रणाली वापरली जाते. तिची प्रश्नावली 137 प्रश्नांची. तिच्या आधारें आरोपी पुन्हां गुन्हा करील काय याचा अदमास 1 पासून 10 पर्यंतच्या अंकांत मिळतो. 2016 सालीं 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेनें फ्लोरिडांतील एका परगण्यांतील 7,000 हून अधिक आरोपींचे अंक तपासले. ज्यांनीं पुढें कांहींही गुन्हा केला नाहीं अशा कृष्णवर्णीयांपैकीं शेंकडा 45 जणांना यंत्रानें धोक्याचे ठरविलें होतें. गोऱ्यांमध्यें हेंच प्रमाण शेंकडा 23 होतें. कंपनीचें उत्तर असें कीं, अमुक अंक मिळालेला मनुष्य काळा असो वा गोरा, पुन्हां गुन्हा करण्याचें प्रमाण सारखेंच निघतें. मग पक्षपात कोठें आहे? मौज अशी कीं, दोघांचेंही म्हणणें खरें होतें. ज्या दोन समाजांत पुन्हां पकडले जाण्याचें प्रमाणच मुळांत भिन्न आहे, तेथें या दोन्ही कसोट्यांना एकाच वेळीं उतरणारें अपूर्ण भाकीत असूंच शकत नाहीं, हें गणितज्ञांनीं लवकरच सिद्ध केलें. कोणती कसोटी धरावयाची हें गणित सांगत नाहीं. तो निर्णय नीतीचा आहे आणि तो माणसांनींच करावा लागतो. 2018 सालीं आणखी एक गोष्ट उघड झाली: कायद्याचें शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना आरोपीची थोडकी माहिती वाचावयास दिली, तर त्यांचें अनुमान या प्रणालीइतकेंच बरोबर येतें, आणि वय व आधींच्या शिक्षांची संख्या एवढ्या दोनच बाबींवरूनही तितकेंच साधतें.

परंतु यावरून यंत्र टाकाऊ आणि मनुष्याचा विवेक थोर, असा निकाल देऊन मोकळें होणें मला रुचत नाहीं. पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1954 सालीं दाखवून दिलें होतें कीं, रुग्णांविषयींचीं तज्ज्ञांचीं अनुमानें साध्या आंकडेमोडीपेक्षां बहुधा सरस नसतात. आणि आपल्या देशांत यंत्राशिवाय काय झालें? 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें समाजचे समाज जन्मतः गुन्हेगार ठरविले. त्यांच्या नोंदी झाल्या, हजेऱ्या लागल्या, सोलापुरास तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. हेंही भाकीतच होतें. बर्जेस यांच्या तक्त्यांत 21 रकाने होते; या कायद्याला एक पुरला, आणि तो जन्माचा. औंधच्या सरहद्दीबाहेर हा कायदा चालूं असतांनाच आंत स्वतंत्रपूर वसत होतें, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे राजेसाहेबांच्या कृतीचें मोल कळतें. त्यांच्यासमोर सोपी वाट होती, आणि ती वाट इंग्रज सरकारनें मळून ठेवलेली होती.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. भाकीत आणि विश्वास या दोन गोष्टी आपण एकाच मापानें मोजतों, तेथें चूक होते. उद्यां पाऊस पडेल असें वेधशाळेनें सांगितलें म्हणून ढगाचें मन पालटत नाहीं. मनुष्याचें पालटतें. "तूं पुन्हां चोरी करशील" असें ज्याला सर्वांनीं सांगितलें, त्याला नोकरी मिळत नाहीं, शेजार मिळत नाहीं, पोलीस मात्र वारंवार भेटतात. आणि मग तो खरोखरच पकडला जातो. यंत्र म्हणतें, पाहा, माझा अंक बरोबर आला! भाकितानें आपला पुरावा आपणच निर्माण केलेला असतो. विश्वासाचेंही तसेंच आहे, केवळ दिशा उलट. ज्याच्या हातीं नांगर दिला त्याला हें कळतें कीं आपल्यावर कोणीतरी भरंवसा टाकला आहे, आणि हें कळणें हेंच त्याच्या वर्तनाचें एक कारण बनतें. कैद्याच्या भूतकाळाच्या दफ्तरांत हें कारण सांपडणार नाहीं, कारण तें अद्याप घडलेलेंच नसतें.

कोणी म्हणेल, खुल्या वसाहतींत कैदी निवडूनच पाठवितात. ही निवड म्हणजे भाकीत नव्हे काय? आहे. निवडीशिवाय असा प्रयोग चालवितां येत नाहीं, आणि मूठभर कैद्यांच्या वर्तनावरून सर्व तुरुंगांचे दरवाजे उघडा असा सिद्धांत काढणें शास्त्रीय होणार नाहीं. भेद आहे तो निराळ्या जागीं. स्वतंत्रपुरांतून कैदी पळाला असता, तर दोष कोणाला द्यावयाचा हें सर्वांना ठाऊक होतें. रेसिडेंटापासून गांवकऱ्यापर्यंत सर्वांनीं राजाकडेच बोट दाखविलें असतें. निर्णयामागें एक नांव होतें. याच्या शेजारीं लूमिस नांवाच्या आरोपीचा अमेरिकेंतील खटला ठेवा. शिक्षा देतांना न्यायाधीशानें यंत्राच्या अंकाचा उल्लेख केला. आरोपीनें विचारलें कीं हा अंक आला कसा. उत्तर मिळालें कीं सूत्र हें कंपनीचें व्यापारी गुपित आहे. 2016 सालीं विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानें असा वापर चालेल, पण अंकावरच शिक्षा ठरतां कामा नये, असा निर्णय दिला. न्यायाधीश म्हणणार, यंत्रानें केवळ सल्ला दिला. कंपनी म्हणणार, निर्णय न्यायाधीशाचा. मधल्यामध्यें आरोपीनें जाब कोणाला विचारावा? बोलपटांतील दोन डोळे आठवा. ते डोळे पाळत ठेवीत होते हें खरें, पण कैदी त्या डोळ्यांकडे उलट पाहूं शकत होता.

हा प्रश्न आतां अमेरिकेपुरता राहिलेला नाहीं. 2024 सालीं महाराष्ट्र शासनानें पोलिसांच्या कामीं कृत्रिम बुद्धि वापरण्यासाठीं 'मार्व्हल' ही कंपनी नागपुरास स्थापिली, आणि गुन्ह्यांचा आगाऊ अंदाज घेणें हा तिच्या घोषित हेतूंपैकीं एक आहे. अशा साधनांनीं तपास जलद होईल, हरवलेलें मूल लवकर सांपडेल; तो लाभ नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु यंत्र शिकतें तें जुन्या नोंदींवरून, आणि जुन्या नोंदी कोणाच्या? गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 सालीं देशभर रद्द झाला, तरी त्या वस्त्यांकडे संशयानें पाहण्याची संवय कायद्याबरोबर रद्द झाली नाहीं. 3 ऑक्टोबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांतील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावयास सांगितलें. रकाना काढला तरी आडनांव राहतें, गांव राहतें, वस्ती राहते. आणि या तिहींवरून पुसलेला रकाना पुन्हां भरून काढणें यंत्राला मुळींच अवघड नाहीं. त्याला कोणी तसें सांगावेंही लागत नाहीं.

8 मार्च 1948 रोजीं औंध संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. 1951 सालीं बाळासाहेब निवर्तले; आप्पासाहेब परराष्ट्रांत भारताचे वकील म्हणून गेले. 1955 सालीं जिनीव्हा येथें संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनें खुल्या तुरुंगांचा पुरस्कार केला, तेव्हां आटपाडीच्या वसाहतीला सोळा वर्षें होऊन गेलीं होतीं. घटना गेली, गादी गेली. स्वतंत्रपूर मात्र मुंबई प्रांताकडून महाराष्ट्राकडे आलें, आणि राज्याच्या कारागृह विभागाच्या यादींत, थोड्याच कैद्यांची खुली वसाहत म्हणून, त्याचें नांव आजही आहे.